बाळंतिणीची मजुरी कोणी द्यायची?

महाराष्ट्रातील बाळंतपण घरातून दवाखान्यात गेले, ही गेल्या वीस वर्षांतील एक मोठी घटना आहे. २००५–०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील ६४.६ टक्के प्रसूती संस्थांमध्ये होत असल्याचे आढळले होते; २०१९–२१ च्या पाहणीत हे प्रमाण ९४.७ टक्क्यांवर पोहोचले. मातामृत्यूंचे आकडेही उतरले. २००४–०६ या काळात राज्यात दर लाख जिवंत जन्मांमागे १३० माता दगावत होत्या, २०१९–२१ मध्ये ३८. देशाचा आकडा याच काळात २५४ वरून ९३ वर आला. हे यश लहान नाही, आणि त्याचे श्रेय कोणा मंत्र्याच्या घोषणेपेक्षा गावोगावच्या परिचारिका, अंगणवाडी सेविका आणि रात्री-अपरात्री गरोदर बाईला गाडीत घालून दवाखाना गाठणाऱ्या आशा कार्यकर्तीला अधिक आहे. यातील आशाला शासन अद्याप कामगार म्हणावयास तयार नाही, ही गोष्टही याच ठिकाणी नोंदवून ठेवावी.

परंतु आकडा चांगला झाला की प्रश्न सुटला असे मानण्याची प्रशासनाची सवय जुनी आहे. संस्थात्मक प्रसूतीचा आकडा एका रात्रीचा हिशेब सांगतो. त्या रात्रीपूर्वीचे नऊ महिने आणि नंतरचे तीन महिने बाई कोठे होती, काय खात होती, कोणते काम करीत होती आणि ते काम थांबल्यावर तिची चूल कशावर पेटली, हे तो सांगत नाही. त्या एका रात्री दवाखान्याच्या दाराआड तिला कोणती वागणूक मिळाली, हेही तो सांगत नाही. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, अशी म्हण आपल्याकडे आहे. तिच्यात जसा आदर आहे तसा एक सोयीस्कर नियतिवादही दडलेला आहे. जन्म-मरण दैवाच्या हाती म्हटले की त्याचा जाब कोणाला विचारण्याचे कारण उरत नाही. वस्तुतः आज बाळंतपणात होणारा बहुतेक मृत्यू टाळता येण्याजोगा असतो आणि बाळंतपणात होणारी बहुतेक परवड मनुष्यनिर्मित असते.

प्रथम त्या रात्रीचाच विचार करू. कळा सुरू होणे आणि मूल हाती येणे यांत बराच मोठा काळ जातो. पहिलटकरणीच्या बाबतीत गर्भाशयाचे तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यापासून पूर्ण उघडेपर्यंत बारा तासांपर्यंतचा काळ स्वाभाविक मानावा आणि त्यापुढे प्रत्यक्ष जन्माला तीन तासांपर्यंत वेळ लागू शकतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली जाहीर केलेल्या मार्गदर्शक शिफारशी सांगतात. तासाला एक सेंटिमीटर या वेगाने तोंड उघडलेच पाहिजे, हा जुना दंडकही या शिफारशींनी बाजूला ठेवला. या काळात बाईला काय लागते? चालण्या-फिरण्याची मोकळीक, घोटभर पाणी, थोडे खाणे, हवी तशी बसण्या-निजण्याची मुभा, विश्वासातले एक माणूस जवळ, आणि दर थोड्या वेळाने बाळाचे ठोके व आईची नाडी पाहणारी जाणती परिचारिका. जुनी सुईण यातील निम्म्या गोष्टी जाणत होती. उरलेल्या निम्म्या न जाणल्यामुळे जीव जात होते. नव्या दवाखान्याने तिचे अज्ञान दूर केले, पण तिचे शहाणपणही तिच्याबरोबरच घराबाहेर काढले.

प्रत्यक्षात काय घडते ते ज्यांच्या घरची लेक वा सून सरकारी प्रसूतिकक्षात जाऊन आली आहे त्यांना ठाऊक आहे. आईला किंवा सासूला दाराबाहेर थांबविले जाते. बाईला उताणी निजवून ठेवतात, कारण तपासणाऱ्याला तेच सोयीचे. कळा वाढविण्याचे इंजेक्शन गरज नसतानाही दिले जाते. पोटावर दाब देणे आणि सरसकट छेद घेणे या दोन्ही प्रथा शास्त्राने टाकून दिल्या असूनही चालू राहतात. ओरडणाऱ्या बाईला मुकाट्याने सोसण्याचा उपदेश मिळतो, क्वचित थप्पडही. आणि तिची जात, तिचे कपडे, तिच्या मुलांची संख्या हे सारे टोमण्यांचे विषय होतात. ज्या वेळी माणूस सर्वांत असहाय असतो त्याच वेळी त्याचा पाणउतारा करणारी व्यवस्था स्वतःला आरोग्यसेवा म्हणवते. प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्यास केंद्र शासनाने २०१६ साली मान्यता दिली, ‘लक्ष्य’ नावाचा प्रसूतिकक्ष-सुधारणेचा कार्यक्रम २०१७ साली सुरू केला. कागद चांगले आहेत. परंतु एका खोलीत तीन खाटा, आडोशाला पडदा नाही आणि एका परिचारिकेवर चार बाळंतिणींखेरीज नोंदवह्यांचा ढीग, अशी स्थिती असेल तर सोबतिणीला उभे राहण्यास जागा कोठून मिळणार?

येथे दोष त्या परिचारिकेच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे, आणि ते चुकीचेही आहे. कंत्राटावर नेमलेली, सलग पाळ्या करणारी, वरिष्ठांच्या धाकाखाली राबणारी बाई आपल्यापेक्षा दुबळ्या बाईवर राग काढते, ही श्रमसंबंधांची गोष्ट आहे. यावर खरा उपाय प्रशिक्षित सुईणशास्त्रज्ञ परिचारिकांचे स्वतंत्र दल उभारण्याचा. केंद्र शासनाने २०१८ साली अशा दलासाठी मार्गदर्शक सूत्रे काढली. प्रश्न कायम पदांचा आणि पगाराचा आहे. आणि तेथेच योजना अडते.

सरकारी दवाखान्यात बाई उपेक्षेची बळी ठरते, तर खासगी दवाखान्यात नफ्याची. २०१९–२१ च्या पाहणीनुसार देशातील सरकारी संस्थांतील १४.३ टक्के बाळंतपणे शस्त्रक्रियेने झाली, खासगी संस्थांतील ४७.४ टक्के. बाईच्या शरीररचनेत सरकारी व खासगी असा भेद निसर्गाने केलेला नाही. गुंतागुंतीच्या केसेस खासगीकडे जातात म्हणून हे प्रमाण वाढते, असा खुलासा देण्यात येतो. परंतु सर्वांत अशक्त, रक्तक्षय झालेल्या, उशिरा पोहोचलेल्या बायका तर सरकारी दारातच येतात. खरे कारण अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यातील आहे. नैसर्गिक प्रसूतीला वेळ लागतो आणि पैसा कमी मिळतो. शस्त्रक्रियेला वेळ कमी लागतो, ती सोयीच्या वेळी करता येते आणि बिल मोठे होते. ज्या सेवेत विकणाऱ्याला सर्व माहिती असते, घेणाऱ्याला काहीच नसते आणि घेणाऱ्याला ‘नको’ म्हणण्याची सवडही नसते, तेथे बाजाराचा न्याय चालू द्यावयाचा म्हणजे सावकाराला पंच नेमण्यासारखे आहे. शस्त्रक्रियेने असंख्य माता वाचल्या आहेत, यात शंका नाही. विटंबना ही की, जिला तिची गरज आहे ती गडचिरोलीतील किंवा मेळघाटातील बाई भूलतज्ज्ञाअभावी तीन दवाखाने फिरते, आणि जिला गरज नाही तिच्या पोटावर शहरात सुरी चालते.

मातामृत्यू कसे होतात हे आता गूढ राहिलेले नाही. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव, गरोदरपणातील वाढलेला रक्तदाब व झटके, जंतुसंसर्ग, अडलेले बाळंतपण आणि असुरक्षित गर्भपात, ही प्रमुख कारणे होत. वार पडल्यानंतर सुरू झालेला मोठा रक्तस्राव दोन तासांत प्राण घेऊ शकतो. या दोन तासांत निर्णय व्हावा लागतो, वाहन मिळावे लागते, रस्ता असावा लागतो आणि पोहोचल्यावर रक्त व डॉक्टर दोन्ही असावे लागतात. यांपैकी एक दुवा निखळला की घात होतो. मेळघाटात किंवा भामरागडच्या पलीकडे पावसाळ्यात नाला भरून वाहत असतो आणि बाईला खाटेची डोली करून चार माणसे खांद्यावरून नेतात. तिचा मृत्यू कागदावर रक्तस्रावाने होतो. खरे तर तो न बांधलेल्या पुलामुळे होतो. आदिवासी भागांत प्रसूतीच्या आधी काही दिवस बाईने आरोग्य केंद्राजवळ येऊन राहावे यासाठी राज्याने ‘माहेरघर’ योजना काढली. कल्पना उत्तम, नावही सुरेख. परंतु जी बाई रोजंदारीवर जगते, जिची दोन लेकरे घरी आहेत, तिने आठ दिवस कामाविना माहेरघरात राहावे तर त्या आठ दिवसांची मजुरी कोण देणार? येथे आपण मूळ प्रश्नापाशी येऊन पोहोचतो.

तो प्रश्न असा, की बाळंतपण हे काम आहे काय, आणि असल्यास त्याचा मोबदला कोणी द्यावयाचा.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात दुधाच्या भुकटीचा डबा विकला गेला तर उत्पन्न वाढते. आईने बाळाला अंगावर पाजले तर वाढत नाही. या एका उदाहरणात त्या हिशेबाची दृष्टी स्पष्ट होते. केंद्र शासनाच्या २०१९ च्या कालवापर पाहणीत असे दिसले की, बिनमोबदल्याची घरकामे करणाऱ्या बायका त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात. ती करणारे पुरुष ९७ मिनिटे. ज्या श्रमावर उद्याची सारी श्रमशक्ती उभी राहते तो श्रम मोजलाच जात नाही, आणि जे मोजले जात नाही त्याची किंमत देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. कारखानदाराला वीस वर्षांनी धडधाकट कामगार हवा असतो, शासनाला सैनिक व करदाता हवा असतो. त्यांना घडविण्याचा आरंभीचा सारा खर्च मात्र एका बाईने आपल्या हाडामासातून आणि बुडालेल्या मजुरीतून भरावयाचा, अशी ही वाटणी आहे.

या वाटणीला पहिले आव्हान मुंबईतूनच दिले गेले, हे समाजवादी कार्यकर्त्याने विसरता कामा नये. १९१९ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने आपल्या पहिल्याच परिषदेत प्रसूतिसंरक्षणाचा करार केला. नारायण मल्हार जोशी यांनी १९२४ साली केंद्रीय विधिमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक आणले; ते संमत झाले नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात तसेच विधेयक चर्चेस आले तेव्हा गिरणीमालकांच्या बाजूने धंद्यावरील बोजाचे रडगाणे गायिले गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधेयकाला पाठिंबा देताना केलेली मांडणी आजही तितकीच ताजी आहे. प्रसूतीच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार शासनाने उचलला पाहिजे. परंतु मालक बायकांना कामावर घेतो तो त्यांपासून अधिक लाभ होतो म्हणून, तेव्हा त्यालाही जबाबदारीतून सुटता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ साली मुंबई इलाख्याचा प्रसूतिलाभ कायदा झाला. देशातील अशा स्वरूपाचा तो पहिलाच.

त्या मांडणीचा अर्धा भाग कायद्याने स्वीकारला आणि अर्धा सोडून दिला. १९६१ च्या केंद्रीय कायद्यानेही खर्च एकट्या मालकावर टाकला. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर नेली, पन्नास वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सक्ती केली. पण भार पुन्हा मालकावरच. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, हीच चौकट पुढे चालविली. याचे दोन परिणाम झाले. पहिला असा, की बाई कामावर घेणे महाग झाले आणि मालकाने तिला न घेण्याचा किंवा कायम न करण्याचा मार्ग पत्करला. मुंबईच्या गिरण्यांत १९२० च्या दशकात पाचांत सुमारे एक कामगार बाई होती. पुढील दशकांत हे प्रमाण घसरत घसरत नगण्य झाले. यंत्रांतील बदल, रात्रपाळीची बंदी अशी इतर कारणेही त्यामागे होती. परंतु बाई महाग पडते हा मालकांचा हिशेब त्यांत नव्हता असे कोण म्हणेल? दुसरा परिणाम याहून मोठा आहे. दहा माणसांच्या आस्थापनेची आणि ऐंशी दिवसांच्या नोकरीची अट घालणारा कायदा शेतमजूर, नाक्यावर उभी राहणारी बिगारी, घरकामगार, विडी वळणारी यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. या देशातील काम करणाऱ्या दहा बायकांपैकी नऊ असंघटित क्षेत्रात आहेत. सव्वीस आठवड्यांचा गाजावाजा उरलेल्या एकीपुरता होता.

ऊसतोडीकडे पाहिले की या नऊ जणींचे जिणे एकाच ठिकाणी एकवटलेले दिसते. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी अशा जिल्ह्यांतून कुटुंबे फडावर जातात आणि पाडव्याच्या आसपास परततात. मुकादम उचल देतो ती जोडप्याला. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. बाईला स्वतःच्या नावाने मजुरी नाही, नोंद नाही, म्हणून कायद्याच्या दृष्टीने ती कामगारच नाही. कामावर न येणाऱ्या दिवसाचा ‘खाडा’ मात्र वसूल केला जातो. पहाटे फडावर जावयाचे, वाकून ऊस तोडावयाचा, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढावयाचे, रात्री कोपीत येऊन भाकरी थापावयाची. हे सहाव्या, सातव्या, कधी नवव्या महिन्यातही चालते. गावातील आशाने केलेली तिची नोंद गावातच राहते, फडावरच्या आरोग्य केंद्रात तिचे नाव नसते. लसीकरण आणि लोहाच्या गोळ्या दोन्ही गावांच्या मधल्या रस्त्यात हरवतात. फडावर बाळंत झालेली बाई काही दिवसांत पुन्हा कोयता उचलते, कारण उचल फिटलेली नसते. ज्या समाजात बाळंतिणीला सव्वा महिना बाजेवर शेक देण्याची रीत अभिमानाने सांगितली जाते, त्याच समाजाची साखर अशा बाळंतिणींच्या हातून तयार होते.

या व्यवस्थेचा अखेरचा टप्पा २०१९ साली उघड झाला. राज्य शासनाने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली, तेव्हा त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढून टाकलेली आढळली. पाळी, गरोदरपण, अंगावरून जाणे ही बाईच्या शरीराची सारी लक्षणे जेथे खाड्याची कारणे ठरतात, तेथे गर्भाशय हाच खाडा ठरतो आणि तो काढून टाकणारा दवाखाना तालुक्याच्या गावी तयारच असतो. मातृत्वाचे संरक्षण नाकारणारी अर्थव्यवस्था अखेरीस मातृत्वाचे अवयवच नाकारते.

असंघटित बायकांसाठी शासनाने काय केले? २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने शासकीय नोकरीतील व तत्सम लाभ मिळणाऱ्या बायका वगळून प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला किमान सहा हजार रुपयांचा हक्क दिला. ‘प्रत्येक’ हा शब्द कायद्यात आहे. २०१७ पासूनच्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेने तो पहिल्या अपत्यापुरता केला आणि रक्कम पाच हजारांवर आणली. २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असल्यास सहा हजार देऊ, अशी पुस्ती जोडली गेली. दुसरा मुलगा झालेल्या बाईची कंबर दुखत नाही आणि तिसऱ्या बाळंतपणात रक्त जात नाही, असे या योजनेने गृहीत धरले आहे. अठरा वर्षांखालील मातेला तर त्यात स्थानच नाही. महाराष्ट्रात २०१९–२१ च्या पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या २१.९ टक्के बायकांची लग्ने अठराव्या वर्षाआधी झालेली आढळली. बालविवाह रोखलाच पाहिजे. परंतु ज्या पोरीचा विवाह समाजाने रोखला नाही तिचा आहार रोखून कोणता न्याय साधतो? पोलिसांच्या धाकाने अशा पोरी दवाखान्यापासूनच दूर राहतात. पुण्यात १८६३ साली ज्योतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले तेव्हा दाराशी आलेल्या बाईला त्यांनी लग्नाचा दाखला मागितला नव्हता.

आता थोडा हिशेब करू. २०२५–२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर रोज ३१२ रुपये ठरला होता. या दराने मातृवंदनेचे पाच हजार म्हणजे सोळा दिवसांची मजुरी. बारा आठवडे, आठवड्याला सहा दिवस धरून, ७२ दिवसांची मजुरी २२,४६४ रुपये होते. कचेरीतील बाईला सव्वीस आठवड्यांचा पूर्ण पगार मिळतो, तो योग्यच आहे; रोजंदारीवरील बाईसाठी त्याच्या निम्म्याहून कमी काळाची किमान मजुरी मागणे ही चैन नव्हे. देशात वर्षाला सुमारे अडीच कोटी जन्म धरले आणि एकही बाई न वगळता सर्वांना ही रक्कम दिली, तरी खर्च ५६ हजार कोटींच्या आसपास जातो. देशाच्या एकूण उत्पन्नाच्या तो पाव टक्काही नाही. तमिळनाडूने १९८७ साली डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावे ३०० रुपयांपासून सुरू केलेली मदत २०१८ पर्यंत १८,००० रुपयांवर नेली. जे चेन्नईला परवडते ते मुंबईला परवडत नाही, असे कोणता अर्थमंत्री सांगू शकेल?

पैसा कोठून यावा, याचे उत्तरही देशात अंशतः तयार आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत प्रत्येक मालक आपल्या सर्व कामगारांच्या, पुरुष असोत वा बाया, वेतनाचा ठराविक भाग निधीत भरतो आणि प्रसूतीचा लाभ निधीतून मिळतो. बाई कामावर ठेवल्याने त्याचा खर्च वाढत नाही, म्हणून तिला टाळण्याचे कारणही राहत नाही. हेच तत्त्व असंघटितांना लावता येते. बांधकामावरील उपकरातून राज्यातील नोंदीत बांधकाम कामगार बाईला प्रसूतीसाठी १५ हजार आणि शस्त्रक्रिया झाल्यास २० हजार रुपये मिळू शकतात. अडचण आहे ती नव्वद दिवस काम केल्याचा दाखला आणण्याची, जो देण्यास ठेकेदार टाळाटाळ करतो. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी गाळपाच्या दर टनामागे कारखान्यांकडून दहा रुपये घेण्याचे ठरले. दहा कोटी टन गाळपाच्या हंगामात ही रक्कम शंभर कोटी होते. तेवढ्यात ४४ हजारांहून अधिक बाळंतिणींना बारा आठवड्यांची मजुरी देता येईल. साखरेच्या पोत्याला ते ओझे जाणवणारही नाही.

यावर तीन आक्षेप नेहमी येतात. पहिला, की अशा मदतीने लोकसंख्या वाढेल. महाराष्ट्रात जननाचा दर २०१९–२१ मध्येच स्त्रीमागे १.७ इतका, म्हणजे लोकसंख्या स्थिर राखण्यास लागणाऱ्या पातळीच्याही खाली उतरला होता. बावीस हजार रुपयांसाठी कोणी बाई नऊ महिन्यांची यातना पत्करील, ही कल्पना केवळ पुरुषालाच सुचू शकते. दुसरा, की पैसे नवऱ्याच्या व्यसनात जातील. असे काही घरांत घडेल. पण नवऱ्याच्या दोषाची शिक्षा बायकोला देण्याऐवजी खाते तिच्या एकटीच्या नावाने उघडणे हा त्यावरचा उपाय आहे. तिसरा आक्षेप संस्कृतीच्या नावाने येतो, की बाळंतपण हा माहेरचा मायेचा विषय, त्यात शासन कशाला? माहेरची माया खरी आहे. परंतु जिची आई स्वतः दुसऱ्याच्या बांधावर खुरपते आहे तिच्या माहेरी डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर कोठून येणार? २०१९–२१ मध्ये राज्यातील ४५.७ टक्के गरोदर बायकांच्या अंगात पुरेसे रक्त नव्हते. मायेने रक्त भरत नाही. त्याला भाकरी, भाजी, डाळ, अंडे आणि विश्रांती लागते.

पक्षाच्या कार्यकर्त्यांपुढील काम यातून स्पष्ट होते. प्रसूतिमजुरीची मागणी रोजगार हमीप्रमाणे हक्काच्या पायावर उभी केली पाहिजे. राज्यात रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला तो दुष्काळात रस्त्यावर उतरलेल्या शेतमजुरांच्या रेट्यामुळे आणि विधिमंडळातील प्रयत्नांमुळे. देशाने तो २००५ साली उचलला. हेही काम त्याच वाटेने व्हावयाचे आहे. प्रत्येक बाळंतपणाला, अपत्याची संख्या, वय वा दाखला न विचारता, किमान बारा आठवड्यांची किमान मजुरी, ऊसतोडीत ‘कोयत्या’ऐवजी बाईच्या नावाने स्वतंत्र नोंद आणि तिच्या हातात तिची मजुरी, फडावर फिरते आरोग्यपथक, तालुक्याच्या रुग्णालयात चोवीस तास रक्त, भूलतज्ज्ञ व शस्त्रक्रियेची सोय, आणि प्रत्येक खासगी दवाखान्याच्या दारावर त्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण जाहीर करण्याची सक्ती, या मागण्यांवर सभा, मोर्चे आणि विधिमंडळ तिन्ही ठिकाणी बोलले गेले पाहिजे.

परंतु कायदा होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार २०११ पासून सरकारी संस्थेतील प्रसूती, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि ने-आण विनामूल्य आहे. तरी बाहेरून औषध आणण्याची चिठ्ठी लिहून दिली जाते. त्या चिठ्ठ्या आणि पावत्या जमवून रुग्ण कल्याण समितीपुढे ठेवणे, आपल्या आरोग्य केंद्रात सोबतिणीला आत घेतात की नाही हे पाहणे, मातृवंदनेचे अडलेले अर्ज सोडविणे, बांधकाम मजुरिणीला नव्वद दिवसांचा दाखला मिळवून देणे, हंगामासाठी निघणाऱ्या गरोदर बायकांची यादी फडाजवळच्या केंद्राला आधी पाठविणे, ही कामे चार कार्यकर्त्यांची शाखाही करू शकते. गावात माता दगावली तर तेराव्याला जाऊन येण्याने कर्तव्य संपत नाही. तिला निघायला उशीर का झाला, गाडी केव्हा आली, रक्त होते काय, हे विचारून लिहून ठेवले पाहिजे आणि मृत्यूच्या शासकीय चौकशीत ते मांडले पाहिजे. आणि यातील बरीच कामे पुरुष कार्यकर्त्यांनी करावयाची आहेत. बाळंतपण हा बायकांचा विषय म्हणून महिला आघाडीकडे सोपवून देण्याची आपल्या चळवळीतील जुनी खोड आता मोडली पाहिजे.

मुंबईच्या विधिमंडळात मांडल्या गेलेल्या त्या मागणीला शंभर वर्षे पुरी होत आली. तिचा अर्धा भाग, म्हणजे शासनाने उचलावयाचा भार, अद्याप येणे बाकी आहे. ही थकबाकी दर वर्षी अडीच कोटी बायका आपल्या अंगावर काढीत आहेत. ती वसूल करणे हे कामगार चळवळीचे काम आहे; कारण ज्या कामगाराच्या हक्कासाठी ती झगडते, त्याच्या जन्माची मजुरीच अजून कोणी चुकती केलेली नाही.